आईच्या निरोपाची वाट पाहणारा जादूगार

हॅरी हुडिनी हे नाव कधी ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. बेड्या, साखळदंड, कुलूपबंद पेट्या, पाण्याने भरलेली टाकी यांतून सहीसलामत बाहेर पडणारा जादूगार, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. ज्यांनी लहानपणी जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिले, त्यांच्या बोलण्यात तर हे नाव हमखास येतं. पण या माणसाने आयुष्याची शेवटची चार-पाच वर्षं एका निराळ्याच कामाला वाहिली होती. मेलेल्या माणसांचे निरोप आणून देतो, न सांगता तुमच्या मनातलं आणि घरातलं ओळखतो, असं म्हणणाऱ्यांच्या मागे तो हात धुऊन लागला होता. तो असा का लागला, हे त्याच्या कुठल्याही सुटकेपेक्षा मला अधिक नवलाचं वाटतं.

माझं आयुष्य बँकेत गेलं आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पहिल्या कामात समोरच्याचं म्हणणं तपासून घ्यायचं असतं, दुसऱ्यात खोटं खरं वाटेल असं रचायचं असतं. हुडिनीला ही दोन्ही कामं उत्तम येत होती. त्यामुळे असेल, त्याच्याविषयी मला एक प्रकारची जवळीक वाटत आली आहे.

त्याचं खरं नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४ चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. वडील ज्यू धर्मगुरू, म्हणजे रब्बी. १८७८ मध्ये कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावी आलं. पुढे हा गृहस्थ आपला जन्म ॲपलटनचाच आणि तोही ६ एप्रिलचा, असं बेधडक सांगत असे. तेव्हा स्वतःविषयी त्याने सांगितलेल्या गोष्टी जरा चाळून घ्याव्या लागतात. वडिलांची धर्मगुरूची जागा गेली आणि घराला दारिद्र्य चिकटलं. मिलवॉकी झालं, मग न्यूयॉर्क. पोरगा टायच्या कारखान्यात कामाला लागला. १८९२ मध्ये वडील गेले. आईला सांभाळण्याचं वचन त्यांनी या मुलाकडून घेतलं होतं, आणि ते त्याने असं काही पाळलं की पुढे पैसा आल्यावर पगाराच्या सोन्याच्या मोहरा त्याने आईच्या ओट्यात ओतल्या, असं तो स्वतःच अभिमानाने सांगे. आईचं नाव सिसिलिया. जन्मभर ती जर्मन वळणाचीच भाषा बोलली, इंग्रजी तिच्या तोंडी कधी बसलं नाही. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

रॉबर्ट-हूदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने हुडिनी हे नाव घेतलं. १८९४ मध्ये बेस नावाच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलीशी लग्न केलं. नवराबायको गावोगाव फिरून खेळ करत, पण पोटापुरतंही सुटत नसे. १८९७-९८ च्या हिवाळ्यात ती दोघं कॅन्सस राज्यात एका औषधविक्याच्या तांड्यात सामील झाली. लोक जमवायला खेळ, आणि जमले की बाटल्या विकायच्या, असा तो प्रकार. रविवारी साध्या करमणुकीला गर्दी कमी, म्हणून मालकाने तोडगा काढला की हुडिनीने मृतात्म्यांशी बोलायचं.

हुडिनी बोलला. गावात पोचल्यावर तो आधी दफनभूमीत जाई आणि थडग्यांवरची नावं, तारखा टिपून घेई. जुनी वर्तमानपत्रं चाळी. गावात कुणाचं मूल दगावलं, कोण कसा गेला, कुणाच्या घरी कशावरून वितुष्ट आहे, हे सांगणारी माणसं प्रत्येक गावात असतातच, त्यांना गाठी. रात्री रंगमंचावर डोळे मिटून तेच सगळं परत करी. समोर बसलेली बाई हुंदके देऊ लागे. पैसे बरे मिळत होते. पण ती दोघं या धंद्यात फार काळ राहिली नाहीत. लोक आपल्या जादूवर टाळ्या वाजवतात ते फसवून घ्यायलाच आलेले असतात, आणि ही माणसं मात्र आपलं मेलेलं माणूस भेटेल म्हणून आलेली आहेत, हा फरक त्याला तिथे कळला. १९२४ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात या दिवसांची लाज त्याने लपवलेली नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. १८९९ मध्ये एका मोठ्या नाट्यव्यावसायिकाची नजर त्याच्यावर पडली, १९०० मध्ये लंडन गाजलं, मग सगळा युरोप. १९०८ मध्ये दुधाच्या मोठ्या कॅनमधून सुटका, १९१२ मध्ये पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत पाण्याच्या टाकीतून सुटका. १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात विमानसुद्धा उडवलं.

जुलै १९१३ मध्ये तो कोपनहेगनला होता. आई गेल्याची तार आली आणि हा लोखंड तोडणारा माणूस बेशुद्ध होऊन कोसळला. ज्यू धर्मात अंत्यविधी लांबवत नाहीत. पण त्याच्या आग्रहावरून तो लांबवला गेला, कारण त्याला तिचं तोंड पाहायचं होतं. दौरा सोडून तो जहाजाने परतला. त्यानंतर कित्येक महिने त्याचं कामात लक्ष नव्हतं आणि तिच्या थडग्यापाशी तो तासन्‌तास बसे.

पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं आणि युद्ध संपता संपता १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ. युरोप-अमेरिकेत तरुण मेला नाही असं घर सापडणं कठीण झालं. मृतांचे निरोप आणणाऱ्यांचा, ज्यांना तिकडे मीडियम म्हणतात, त्यांचा धंदा तेव्हा तेजीत आला. आपल्याकडे प्लँचेटची वाटी घरोघरी फिरत असे, तशी तिथे टेबलं हलू लागली. या पंथाचे सर्वांत मोठे प्रचारक होते शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल. त्यांचा मुलगा १९१८ च्या ऑक्टोबरात गेला होता, काही महिन्यांत भाऊही गेला. १९२० मध्ये हुडिनीची आणि त्यांची ओळख झाली आणि चांगली मैत्री जमली. दोघांनाही आपलं माणूस हवं होतं. एकाला ते सापडलं असं वाटत होतं, दुसरा शोधत होता.

१७ जून १९२२. अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं गाव. डॉईल पतिपत्नी तिथे उतरली होती आणि हुडिनी दांपत्य त्यांना भेटायला आलं होतं. लेडी डॉईल यांच्या हातून आत्मे लिहितात अशी त्यांची श्रद्धा. हुडिनीच्या आईला बोलावून पाहू, असं ठरलं. पडदे ओढले, लेडी डॉईल यांचा हात कागदावर धावू लागला आणि बघता बघता पंधरा पानं भरली. मुलाविषयीचं वात्सल्य, परलोकातलं समाधान, डॉईल यांच्याविषयी कृतज्ञता, सगळं त्यात होतं. हुडिनी पांढरा पडून बसला होता. त्याची खात्री पटली असं डॉईलना वाटलं.

पण पानाच्या डोक्यावर ख्रिस्ती क्रूस काढलेला होता, आणि आई तर रब्बीची बायको. मजकूर सफाईदार इंग्रजीत होता, आणि आईला ती भाषा येत नव्हती. शिवाय हुडिनीच्या सांगण्याप्रमाणे तो दिवस आईच्या वाढदिवसाचा होता; पंधरा पानांत त्याचा उल्लेख नव्हता. आदल्या रात्री बेसने गप्पांच्या ओघात लेडी डॉईलना सासूविषयी, तिच्यावरच्या नवऱ्याच्या मायेविषयी पुष्कळ सांगितलं होतं, हेही त्याने पुढे लिहिलं. डॉईल यांच्याकडे प्रत्येक शंकेला उत्तर होतं. लेडी डॉईल पवित्र भावनेने लिहायला बसतात तेव्हा क्रूस काढतात, आणि आत्म्याचं बोलणं त्यांच्या मनात इंग्रजी होऊनच उतरतं, असा त्यांचा खुलासा. हुडिनीने काही महिने तोंड मिटून ठेवलं, मग जाहीर केलं की आपली आई आली नव्हती. मैत्री तुटली.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. लेडी डॉईल लबाड नव्हत्या. त्यांनी पैसा घेतला नाही, त्यांना काही साधायचं नव्हतं, उलट दुःखी मित्राला सुख द्यायचं होतं. तरीही निरोप खोटा होता. बँकेत आम्ही नव्या कारकुनाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवत असू. खातेदार सज्जन आहे म्हणून चेकवरची सही ताडून पाहायची नाही असं नसतं. सज्जनपणा खातेदाराचा असतो, सही चेकची असते. दोन्ही निरनिराळ्या नोंदी. भविष्य सांगणारा, मनातलं ओळखणारा कुणी भला माणूस आहे, फी घेत नाही, देवभोळा आहे, एवढ्यावर आपण त्याच्या शब्दावर सही करून मोकळे होतो. आणि बुद्धिमान असलो म्हणजे फसणार नाही, हाही भ्रमच. ज्या लेखकाने शेरलॉक होम्स निर्माण केला, त्यानेच दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंवर १९२२ मध्ये पुस्तक लिहिलं. पहिले फोटो काढले तेव्हा, म्हणजे १९१७ मध्ये, एक सोळा वर्षांची होती, दुसरी नऊ. त्या पऱ्या कागदाच्या कापून टाचणीने उभ्या केल्या होत्या, हे दोघींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये, कबूल केलं. गंमत म्हणजे हुडिनी देह विरघळवून पेटीबाहेर येतो, अशीही डॉईल यांची समजूत होती आणि स्वतः हुडिनीने नाही म्हटलं तरी ती गेली नाही.

यानंतर हुडिनी पेटला. आपल्या दौऱ्यात मीडियम मंडळींचं पितळ उघडं पाडणं हा त्याने खेळाचाच भाग केला. (तिकीटविक्रीलाही त्याची मदत होत होती, हे सांगायला हवं.) गावात तो पोचण्याआधी काही दिवस त्याची माणसं पोचत. त्यांत रोझ मॅकेनबर्ग नावाची एक हुशार गुप्तहेर बाई होती. कधी विधवा, कधी खेडवळ बाई, कधी मत्सरी बायको असं सोंग घेऊन ती मीडियमांकडे जाई. तिचं लग्नच झालं नव्हतं. पण गावोगाव तिला मेलेल्या नवऱ्यांचे आणि मुलांचे मायेचे निरोप मिळत. १९२५ मध्ये क्लीव्हलंडला हुडिनी स्वतः वेषांतर करून एका बैठकीत बसला. अंधारात कर्णा आपोआप तरंगतो आणि त्यातून आत्मा बोलतो, असा तिथला दावा. हुडिनीने गुपचूप कर्ण्याला काजळी फासली आणि मग विजेरीचा झोत टाकला. मीडियमचं तोंड काळं झालेलं सर्वांनी पाहिलं. आपल्याकडच्या वाक्प्रचाराची त्याला माहिती असती तर तो खूश झाला असता.

पण काजळी प्रत्येक ठिकाणी लागत नाही, कारण बहुतेकांची हातचलाखी शब्दांची असते. ती दोन प्रकारे चालते. एक कॅन्ससचा प्रकार, आधी माहिती काढून ठेवायची. दुसरा प्रकार आपल्या भाषेत नेमका सांगता येतो, खडा टाकून पाहणे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची छातीची तक्रार होती का, असं म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा वाचायचा. हो म्हटलं तर पुढे जायचं, नाही म्हटलं तर ते होणार आहे असं म्हणायचं. आपण बरोबर आलेलं तेवढं लक्षात ठेवतो आणि घरी येऊन सांगतो की त्याने न विचारता सगळं सांगितलं.

एका सहकाऱ्याबरोबर मी एकदा नाडीपट्टीवाल्याकडे गेलो होतो. अंगठ्याचा ठसा दिल्यावर पट्टी सापडायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सहकाऱ्याने हो-नाही करत वडिलांच्या नावातली अक्षरं, भावंडं किती, नोकरी सरकारी की बँकेची, सगळं पुरवलं होतं. पट्टी सापडल्यावर तेच सगळं जुन्या तमिळमधून बाहेर आलं आणि त्याचे डोळे भरून आले. मी कोपऱ्यात बसून हो किती आणि नाही किती ते मोजत होतो, सवय.

आणि काही वाक्यं तर कुणालाही बसतात. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवून पुढे आलेल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या ओळखायला दिल्या. उत्तरं बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. या प्रयोगाचं मर्म एवढंच की समोर माणूस नव्हता. चेहरा नाही, हो-नाही नाही, नुसता कागद.

हुडिनीची सर्वांत गाजलेली झटापट झाली ती बॉस्टनच्या मार्जरीशी. खरं नाव मीना क्रँडन, एका प्रतिष्ठित शल्यविशारदाची देखणी, हसतमुख बायको. तिच्या अंगात मेलेला भाऊ येई. सायंटिफिक अमेरिकन मासिकाने खरा चमत्कार दाखवणाऱ्याला अडीच हजार डॉलर्सचं बक्षीस लावलं होतं आणि परीक्षक मंडळात हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ मॅकडूगल यांच्यासारख्या विद्वानांबरोबर हुडिनीही होता. विद्वान तिच्या बाजूने झुकू लागले होते. तीही फी घेत नव्हती. जुलै १९२४ च्या बैठकीत पायांपाशी विजेच्या घंटेची पेटी ठेवली होती. ती अंधारात वाजे. हुडिनीने दिवसभर पोटरीला घट्ट रबरी पट्टा बांधून ठेवला होता. त्यामुळे कातडी इतकी हुळहुळी झाली की मार्जरीचा पाय इंचाइंचाने पेटीकडे सरकत असलेला त्याला कळला. ऑगस्टमध्ये तिला त्याने बनवून घेतलेल्या लाकडी पेटीत बसवलं, तेव्हा मात्र पेटीत एक घडीची पट्टी सापडली आणि ती तूच ठेवलीस असं दोन्ही पक्ष एकमेकांना म्हणाले. हुडिनीच्या साहाय्यकाकडेही पुढे बोट दाखवलं गेलं. त्या पट्टीचा निकाल लागलेला नाही. हुडिनी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही; पण बक्षीस मार्जरीला मिळालं नाही, ते फेब्रुवारी १९२५ मध्ये जाहीर झालं, ते योग्यच झालं.

१९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर वॉशिंग्टन शहरात बंदी घालण्याचं विधेयक अमेरिकेच्या काँग्रेससमोर आलं. हुडिनीने आणि रोझबाईंनी साक्षी दिल्या, सभागृहात रणकंदन झालं, विधेयक बारगळलं. हुडिनीने दहा हजार डॉलर्स देऊ केले होते. ते कुणी जिंकले नाहीत.

मीडियमांच्या या वैऱ्याचा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास नव्हता असं समजू नये. ते असावं, आई कुठेतरी असावी, असंच त्याला वाटत होतं. म्हणूनच खोटा निरोप त्याला सहन होत नव्हता. आणि म्हणूनच त्याने एक व्यवस्था करून ठेवली, जी मला त्याच्या सगळ्या करामतींत अधिक पसंत आहे. जो आधी जाईल त्याने दुसऱ्याला एक ठरावीक निरोप पाठवायचा, असं त्याने आणि बेसने ठरवलं. दोघांच्या तरुणपणच्या एका गाण्यातलं नाव आणि पुढे जुन्या खेळातल्या सांकेतिक भाषेत गुंफलेला एक शब्द. बँकेत खातं उघडताना आम्ही नमुना सही घेऊन कार्ड कपाटात ठेवत असू, तसंच हे. अशा ठिकाणी जाणं मूर्खपणाचंच असतं असं मला वाटत नाही. दुःखात माणूस जातो. पण जाण्याआधी ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे असा एक प्रश्न मनात पक्का करावा, तोंड शक्य तितकं मिटून ठेवावं, नाव-गाव फोनवर आधी सांगू नये. आणि आधी भीती घालून मग शांत किंवा खडा सुचवणाऱ्याकडून सरळ उठून यावं. तपासू देणारा निदान ऐकून घेण्याच्या लायकीचा असतो. तपासायला बसलात तर शक्ती चालत नाही म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

ऑक्टोबर १९२६ मध्ये मॉन्ट्रियलला एका विद्यार्थ्याने त्याची ताकद अजमावण्यासाठी पोटात ठोसे मारले. दुखणं अंगावर काढून, अंगात फणफणता ताप असताना डेट्रॉइटला त्याने प्रयोग केला. अपेंडिक्स फुटलं होतं. ३१ ऑक्टोबरला बावन्नाव्या वर्षी तो गेला. आईची पत्रं त्याने जपून ठेवली होती. ती त्याच्या उशाशी शवपेटीत ठेवली आणि न्यूयॉर्कमधल्या ज्यू दफनभूमीत आईशेजारी त्याला पुरलं.

बेस वाट पाहत राहिली. जानेवारी १९२९ मध्ये आर्थर फोर्ड नावाच्या मीडियमने तो निरोप जसाच्या तसा सांगितला. जगभर बातमी झाली, आजारी असलेल्या बेसने तो बरोबर असल्याच्या कागदावर सही केली. पण ती सांकेतिक भाषा वर्षभरापूर्वीच हुडिनीच्या चरित्रात छापून आली होती, आणि ते गाण्यातलं नाव तिच्या लग्नाच्या अंगठीवर कोरलेलं होतं. नमुना सहीचं कार्ड काउंटरवर उघडं पडलेलं होतं म्हणा ना. आपल्याला निरोप आला नाही, असं बेसने नंतर सांगितलं. फोर्डची कीर्ती मात्र वाढत गेली. १९६७ मध्ये कॅनडाच्या टेलिव्हिजनवर त्याने एका बिशपला त्यांच्या दिवंगत मुलाचे निरोप दिले. १९७१ मध्ये तो वारला. त्याच्या कागदपत्रांत चरित्रकारांना मृत्युवार्तांची जुनी कात्रणं सापडली, आणि त्या बैठकीत आत्म्यांनी सांगितलेले तपशील त्यांत होते. कॅन्ससची दफनभूमीच, फक्त कागदावरची.

दर वर्षी ३१ ऑक्टोबरला बेस बैठक घेत असे. शेवटची १९३६ मध्ये हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर झाली. पेटीला कुलूप लावून ठेवलं होतं, बेड्या ठेवल्या होत्या, घंटा ठेवली होती. काहीच हललं नाही. नवऱ्याच्या तसबिरीपाशी दहा वर्षं लावलेला दिवा तिने विझवला. १९४३ च्या फेब्रुवारीत ती गेली. ती कॅथलिक असल्यामुळे तिला निराळ्या दफनभूमीत पुरलं.